हफीजाचं जहाज आणि मोहियुद्दीनचा खिसा

जहाज सुटायला अजून दोन महिने होते, पण हफीजा मनाने कधीच चढून बसली होती.

कसलं जहाज, म्हणाल. तर तिची लेक समरीन रियाधला, अल मलाझमध्ये राहायची. एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. तिने एके दिवशी जुबैलला आईला फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं, "अम्मी, अब्बा रिटायर हो रहे हैं ना, तो मेरी तरफ से गिफ्ट. बार्सेलोनाहून क्रूझ, तुम्हा दोघांची. बुक कर दिया. अब ना मत बोलना."

ना कोण बोलतंय! हफीजाला फोन हातात घेऊन नाचावंसं वाटलं. लग्नाला जन्म लोटला, पोरी मोठ्या झाल्या, आणि एवढ्या वर्षांत तिचा प्रवास म्हणजे एकच, जुबैल ते हर्णै आणि हर्णै ते जुबैल. तोही प्रवास कसला, हमालीच ती. ब्लँकेटं, टँगचे डबे, अत्तरं, चुलत सासऱ्याचं बीपीचं मशीन, शेजारणीच्या सुनेचा मिक्सर. सुट्टी म्हटली की कुणाचं तरी लग्न, नाहीतर घरावर स्लॅब, नाहीतर कुणाचं तरी दुखणं. दर खेपेला जाताना बॅगा भरलेल्या आणि येताना जीव रिकामा. हा पहिला प्रवास, ज्यात कुणाला काही द्यायचं नव्हतं, कुणाचं रुसणं काढायचं नव्हतं. नुसतं जायचं आणि बघायचं. या विचारानेच तिला रात्री झोप येईना.

नवऱ्याला, मोहियुद्दीनला, तिने ही बातमी जेवताना दिली. तो कंपनीत शिफ्ट सुपरवायझर, स्वभावाने मुलखाचा अबोल. त्याने माशाचा काटा बाजूला काढला आणि म्हणाला, "युरोपात काय ठेवलंय गो?"

"तेच तर बघायला जायचंय!"

"बघू," तो म्हणाला. मोहियुद्दीनचं 'बघू' म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. पण हफीजाने ते 'हो'च धरलं. उत्साहाच्या भरात माणसाला ऐकायचं तेच ऐकू येतं.

समोरच्या इमारतीत रेखा सिस्टर राहायची, मूळची कराडची. खासगी इस्पितळात नर्स. गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर अशाच क्रूझला जाऊन आली होती, आणि तेव्हापासून तिच्याशी पाच मिनिटं बोलावं तर त्यातली चार जहाजावर जात. लोक तिला चुकवायचे. हफीजाने मात्र तिला शुक्रवारी दुपारी मुद्दाम घरी बोलावलं, बिर्याणीचं ताट पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "रेखाताई, मला सगळं सांगायचं. मी अडाणी आहे असं समजून सांगायचं."

मग काय विचारता! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं रेखाचं झालं. तिने पदर खोचला.

"पहिली गोष्ट, भाभी. जहाज ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशी विमानाने पोचायचं नाही. आदल्या दिवशी पोचायचं. विमानाला उशीर झाला, तर जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही. दुसरी गोष्ट, मोठी बॅग बंदरावर ते लोक घेतात, ती खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत. माझ्या मिस्टरांनी बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या आणि बॅग येईपर्यंत त्यांचं बीपीच वर चढून बसलं."

"आणि किटली? मी छोटी किटली नेणार. चहाशिवाय माझं चालत नाही."

"किटली नाही, इस्त्री नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. काढून घेतात. आगीची भीती असते."

"अगो बाई! मग चहा?"

"चहा मिळतो. आपल्यासारखा नाही मिळत."

दर शुक्रवारी हा वर्ग भरू लागला. हफीजाला नवनवीन ज्ञान व्हायचं आणि ते ती आठवडाभर इमारतीतल्या बायकांना ऐकवायची. वेळापत्रकात रोम असं लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं तिथं रोमचा पत्ताच नसतो. तिथून आगगाडीने तासाहून जास्त जावं लागतं, म्हणून परतीचा वेळ आधी मोजायचा आणि मगच रोम बघायचं. बार्सेलोनात पर्स पाठीवर नाही, पोटावर घ्यायची, कारण तिथले खिसेकापू इतके सफाईदार की खिसा कापल्यावर आपणच त्यांना सॉरी म्हणतो. नवे बूट तसेच न्यायचे नाहीत, आधी घरात घालून सैल करायचे, कारण तिथले रस्ते दगडांचे. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हे ऐकून हफीजा खो-खो हसली. "आपल्याला काय गो त्याची चिंता! आपलं सगळंच झाकलेलं." हलाल जेवणाचं आधीच ईमेलने कळवायचं, नाहीतर आठवडाभर मासे खायचे. त्यावर हफीजा म्हणाली, आठवडाभर मासे ही काय शिक्षा झाली?

"जहाज लागेल का तुम्हाला?" रेखाने एकदा काळजीने विचारलं. "मधली, खालच्या मजल्यावरची खोली घेतली की डुलणं कमी."

"मला? मी हर्णैची. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी होडीत बसतात." हफीजाला राग आला. कोकणातल्या बाईला समुद्र लागेल का विचारणं म्हणजे कराडच्या माणसाला ऊस गोड लागतो का विचारण्यासारखं.

घराला तर जहाजाची कळाच आली. रेखाने सांगितलं होतं की घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं, गावाच्या नाही, आणि सुटायच्या बरंच आधी फाटक बंद होतं. लागली हफीजा सराव करायला. जेवणाची वेळ ठरवली. कंपनीच्या बसने मोहियुद्दीन उशिरा आला की ती दारातच सांगायची, "फाटक बंद झालं. आता पोहत या." फनातीरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी नवे बूट घालून चालायची आणि वाटेतल्या प्रत्येक बाईला थांबवून बूट दाखवायची. कपाटाशेजारी बॅग कायमची उघडी. त्यात रोज काहीतरी जायचं आणि रोज काहीतरी बाहेर यायचं.

मोहियुद्दीन हे सगळं बघायचा आणि मिशीत हसायचा. रजा मंजूर झाली. सौदीतून बाहेर जाऊन परत यायचा व्हिसा निघाला. कंपनीचं पत्र आलं. एवढंच नव्हे, फोटो काढायला तो आपणहून गेला आणि त्यात किंचित हसलाही. हफीजाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण एक गोष्ट होती, आणि ती हफीजाला ठाऊक होती. मोहियुद्दीनचा पासपोर्ट.

तो पासपोर्ट कधी कपाटात राहिला नाही. त्याच्या प्रत्येक शर्टाला आतून एक खिसा होता आणि खिशाला चेन. हफीजानेच शिवून दिलेली, नव्या शर्टाची घडी मोडायच्या आधी. कामावर जाताना पासपोर्ट खिशात, नमाजला जाताना खिशात, बाजारात खिशात, झोपताना उशीखाली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने शिक्का मारायला घेतला, तर तेवढ्या वेळात मोहियुद्दीनचा हात काचेखालून पुढे आलेला असायचा. पोरी चिडवायच्या, हे अब्बांचं तावीज. तो काही बोलायचा नाही. असतो एकेकाचा वेडेपणा, असं म्हणून हफीजाने तो संसाराच्या इतर सामानासारखा जमेत धरला होता.

आणि युरोपच्या व्हिसाच्या वर्गात रेखा सांगत होती, "पासपोर्ट खोबर शहरातल्या व्हिसा सेंटरला द्यायचा. आठ-पंधरा दिवस त्यांच्याकडेच राहतो. अर्जात एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचाच व्हिसा मागा, कारण तुमचं जहाज मध्ये ट्युनिसला जातंय. तिथं गेलं की युरोपातून बाहेर पडलात. एकाच वेळेचा व्हिसा असला तर परत आत कोण घेणार? आणि हो, जहाजावर चढलात की बऱ्याचदा तिथेही पासपोर्ट जमा करून घेतात. बंदराबंदरावर दाखवायला त्यांना सोपं पडतं. शेवटी परत देतात. घाबरायचं नाही."

हफीजाचा घास हातातच राहिला.

"काय झालं, भाभी?"

"ह्यांना नाय चालणार ते."

"मग आजच सांगून ठेवा. ऐन वेळी घोळ नको."

"तुम्ही नका काळजी करू," हफीजा म्हणाली. आणि तिने काय केलं? काही केलं नाही. गप्प बसली. तिचा हिशोब असा, की एकदा काउंटरला उभे राहिलो, मागे माणसांची रांग असली, की चारचौघांत हा काय करणार आहे? देईलच. आधी सांगितलं तर पंधरा दिवस विचार करील आणि शेवटी 'बघू' म्हणेल. बायकोला नवरा पुरता ओळखता येतो असा जगातल्या सगळ्या बायकांचा समज आहे. हफीजाचाही होता.

व्हिसा सेंटरच्या भेटीची तारीख मिळता मिळत नव्हती. समरीन रोज बघायची, रोज सगळ्या तारखा भरलेल्या. अखेर एक मिळाली. तीही अशी, की ती चुकली तर पुढची जहाज सुटल्यानंतरचीच. हफीजाने त्या दिवशी नवा अबाया घातला. गाडीत सारखी बडबडत होती. मार्सेयला काय बघायचं, पालेर्मोला काय खायचं. मोहियुद्दीन गाडी चालवत 'हं, हं' करत होता, आणि मध्येच एकदा त्याने आपणहून विचारलं, "त्या जहाजावरून मासे धरता येतात काय गो?" हफीजाला हसू आवरेना.

काउंटरवर सौदी मुलगी होती. चुणचुणीत, हसतमुख. तिने कागद तपासले, भराभर शिक्के मारले आणि इंग्रजीत म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पासपोर्ट द्या, अंकल."

मोहियुद्दीनने चेन उघडली. पासपोर्ट दिला. तिने तो बघितला आणि बाजूच्या निळ्या ट्रेमध्ये ठेवला. मोहियुद्दीनचा हात काचेखालून पुढे आला.

"नाही अंकल, हा आता आमच्याकडे राहील. तयार झाला की मेसेज येईल."

"कॉपी घे," तो म्हणाला.

"कॉपी आहे. पण ओरिजिनल लागतो. व्हिसा त्याच्यावरच चिकटवतात."

"कॉपी घे, बेटी. ओरिजिनल मी देत नसतो."

मुलीने हफीजाकडे पाहिलं. हफीजा खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, द्या ना. सगळेच देतात. लोक बघतायत."

मोहियुद्दीनने एकदाच बायकोकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला. ती काही बोलायच्या आत त्याने हात लांब करून ट्रेमधला पासपोर्ट उचलला, खिशात घातला, चेन ओढली आणि चालू पडला. चारचौघं बघत राहिले. मोहियुद्दीनला चारचौघांचं काही पडलेलं नव्हतं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, आमची वेळ संपेपर्यंत आलात तर मी घेईन. नंतर मला काही करता येणार नाही."

गाडीत जाऊन बसेपर्यंत हफीजाने तोंड आवरलं. दार लागलं आणि मग मात्र तिचा बांध फुटला.

"जन्मभर काय मागितलं मी? काय मागितलं? दागिने मागितले? घर बांधलंत ते तुमच्या भावांनी भोगलं, मी बोलले? एक जहाज! लेकीने स्वतःच्या कमाईतून दिलेलं! आणि तुम्ही एका पुस्तकासाठी माझ्या तोंडावर थुंकलात!"

मोहियुद्दीनने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. 

"तुम्ही असेच. स्वतःचं तेच खरं. आईच्या वेळेलाही असंच केलंत." बोलू नये ते ती बोलून गेली. बोलली ती बोलली, मग थांबली नाही. "मी बसले होते तुमच्या आईच्या उशाशी. नवी नवरी मी. एसटीचा हॉर्न वाजला की त्या डोळे उघडायच्या. 'मोहू आला गो?' मी सांगायचे, आला, वाटेत आहे. रोज खोटं बोलले मी, मरणाऱ्या माणसाशी. आणि तुम्ही कळवलंत, रजा मिळत नाही. ओव्हरटाइम सोडवला नाही तुम्हाला! मी कधी बोलले नाही, पण विसरले नाही."

मोहियुद्दीनने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"रजा मिळाली होती," तो म्हणाला.

"काय?"

"जेद्दाला होतो तेव्हा. अल अझीझिया भागातलं दुकान. दुकानाच्या मालकाने, कफिलाने, पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट घेतलेले, तेव्हाची रीतच होती ती. दुकानातल्या लोखंडी कपाटात असायचे. तार आली, आई सिरियस. मॅनेजर चांगला माणूस, म्हणाला, जा, रजा दिली. पण कपाटाची किल्ली कफिलाकडे. आणि कफील कुठे? युरोपात. बायकापोरं घेऊन फिरायला गेलेला, उन्हाळाभर. फोन लावला तर हॉटेल बदललेलं. मी रोज दुकान उघडायचो गो, आणि त्या कपाटासमोर उभा राहायचो. पत्र्याचं कपाट. लाथ मारली असती तर उघडलं असतं. नाही मारली. भ्यालो. तो परत आला तोवर आईचा चाळिसावा दिवसही होऊन गेला होता."

 इतकी वर्षं जो राग हफीजाने पोटात सांभाळून ठेवला होता, तो चुकीच्या माणसावरचा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि नवऱ्याची फार दया आली.

"मला सांगितलं का नाही? एवढ्या वर्षांत एकदा तरी?"

"काय सांगू? तुझा नवरा कुलपात आहे, म्हणून सांगू?"

तिने अबायाच्या बाहीने डोळे पुसले. नाक पुसलं. मग म्हणाली, "चला घरी. नको मला जहाज. खरंच नको. रागाने नाही सांगत, मनापासून सांगते. समरीनला मी समजावीन." आणि हे ती खरंच मनापासून बोलत होती. त्या क्षणी तिला रोम नको होतं, मार्सेय नको होतं, काही नको होतं.

मोहियुद्दीनने गाडी सुरू केली नाही. एकाएकी म्हणाला, "तो परत आला ना, तेव्हा मी त्याला विचारलं होतं. कसं आहे युरोप?"

"विचारलंत? त्याला?"

"विचारलं. मला बघायचं होतं काय सांगतो. तर म्हणाला, हिरवं. फार हिरवं आहे, मोहियुद्दीन." तो हफीजाकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. "हिरवं! कोकणातल्या माणसाला हा हिरवं सांगतो! माझी आई मातीत गेली आणि हा मला हिरवं सांगतो!"

हफीजाने आयुष्यात त्याला असं ओरडताना पाहिलं नव्हतं. आणि त्या ओरडण्यात कुठंतरी हसूही होतं. तिलाही हसू फुटलं. दोघंही रडत होती आणि हसत होती. शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर काच खाली करून बघायला लागला.

"चल," मोहियुद्दीन दार उघडत म्हणाला. "बघून तरी येऊ, त्या मेल्याचं हिरवं आहे तरी केवढं."

"अहो, पण मी म्हटलं ना, नको..."

"तू नको म्हणालीस. मी कुठे म्हणालो? यल्ला, उतर. ती पोर वाट बघत असेल."

ती धावतच त्याच्या मागे गेली. काउंटर अजून उघडा होता. मोहियुद्दीनने चेन उघडली, पासपोर्ट काढला, पण लगेच ट्रेमध्ये ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून मुलीला विचारलं, "बेटी, एक विचारतो. मधेच घरी कुणी सिरियस झालं आणि मला जायचं असलं, तर?"

मुलगी आता हसली नाही. नीट विचार करून म्हणाली, "अर्ज मागे घेतोय म्हणून लिहून द्यायचं, अंकल. पासपोर्ट परत मिळतो. पण लगेच नाही. दोन-तीन दिवस लागतात. खोटं कशाला सांगू?"

"दोन-तीन दिवस," मोहियुद्दीन स्वतःशीच म्हणाला.  आता हा परत चेन ओढणार, असंच हफीजाला वाटलं. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, वाकड्या झालेल्या स्कार्फकडे.

"आता मला धावत जायचं झालं तर कुणासाठी गो?" तो मराठीत म्हणाला. "जिच्यासाठी धावलो असतो, ती इथंच उभी आहे." आणि त्याने पासपोर्ट ट्रेमध्ये ठेवला.

मग बोटांचे ठसे घ्यायचे होते. त्याचे झाले. हफीजाने चार बोटं काचेवर ठेवली, तर हात असा थरथरत होता की मशीन ठसे घेईना. पुन्हा ठेवली. पुन्हा लाल दिवा. "आंटी, हात स्थिर ठेवा," मुलगी म्हणाली. कसला स्थिर ठेवते! हफीजाला हुंदकाही येत होता आणि हसूही. मोहियुद्दीन पुढे आला आणि त्याने आपला पंजा तिच्या बोटांवर दाबून धरला.

"अंकल, तुम्ही हात काढा," मुलगी म्हणाली, "नाहीतर व्हिसा दोघांचा एकच निघेल."

"निघू दे," मोहियुद्दीन म्हणाला. त्याने हात काही काढला नाही.